उभं राहून बीपी मोजलंय का?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यांत जास्त वेळा येणारे दोन शब्द म्हणजे 'चक्कर येते'. पुढे वय, गोळ्यांची नावं आणि शेवटी 'बीपी लो आहे, काय करू?' दवाखान्यात पेशंट समोर असला की मी एक गोष्ट करते. 'चक्कर' हा शब्द न वापरता काय होतं ते सांगा, म्हणते. मग एखादी आजी म्हणते, "घर फिरतं गं बाई." कॉलेजची मुलगी म्हणते, "डोळ्यांपुढं अंधारी येते, कानात गुणगुण होते." कुणी म्हणतं, "पाय जमिनीवर ठरत नाहीत." कुणी म्हणतं, "डोकं रिकामं झाल्यासारखं वाटतं." ही चार वाक्यं चार वेगळ्या वाटांनी जातात. पहिली बहुतेक कानाकडे, दुसरी रक्तदाबाकडे आणि हृदयाकडे, तिसरी पायांच्या नसांकडे आणि मेंदूकडे. चौथीच्या मागे रक्त कमी असणं, साखर उतरणं, झोप नसणं, मनावरचा ताण, काहीही असू शकतं. तेव्हा पत्र लिहिताना कृपा करून असंच लिहा. या वेळी आलेल्या पत्रांतली चार पत्रं घेते.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, शेती अजून स्वतः बघतात. गेल्या तीन महिन्यांत पहाटे लघवीला उठले असताना दोनदा न्हाणीत पडले. दुसऱ्यांदा भुवईला चार टाके पडले. 'डोळ्यांपुढं अंधारी आली' एवढंच सांगतात. डॉक्टरांकडे बसवून बीपी मोजलं की १३०/८० भरतं. सकाळी बीपीची गोळी चालू आहे, तिच्यात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात. अशक्तपणा म्हणून पाच वेळा सलाइन लावली, त्यानंतर दोन दिवस बरं वाटतं. मामांचं बीपी लो होतंय की हाय, तेच आम्हाला कळेना.
— एक सून, करमाळा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी पेनानं रेघ मारली आहे : 'बसवून'. मामांचं बीपी दर वेळी बसवून मोजलं आणि मामा पडले दर वेळी उठल्यावर. जे उठल्यावर घडतं ते बसवून मोजल्यावर दिसणार कसं?

आपण झोपलेले असतो आणि उठून उभे राहतो, तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणाऱ्या नसा आहेत. त्या लगेच मेंदूला कळवतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी थोडी वाढते आणि दाब सावरतो. तरुण माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. सत्तरीनंतर ही यंत्रणा मंदावते. मधुमेह जुना असेल किंवा पार्किन्सन (कंपवात) असेल तर आणखी मंदावते.

आता मामांच्या गोळ्या बघा. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. टॅमसुलोसिन प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करतं, त्यानं लघवी मोकळी होते, पण काही जणांत ते रक्तवाहिन्याही सैल सोडतं. म्हणजे एका गोळीनं टाकीतलं पाणी कमी केलं आणि दुसरीनं पाइप रुंद केला. वरच्या मजल्यावरच्या नळाला धार कुठून येणार? दोन्ही गोळ्या आपापल्या जागी योग्य आहेत आणि लिहून देणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण बीपीची चिठ्ठी एका दवाखान्यातली आणि प्रोस्टेटची दुसऱ्या, असं असेल तर दोन्ही कागद एकाच टेबलावर कधी आलेच नसतील. टॅमसुलोसिन कधी सुरू झालं ती तारीख जुन्या कागदांत शोधा. माझा अंदाज आहे, ती पहिल्यांदा पडण्याच्या थोडीच आधीची निघेल.

घरी एक काम करा. दंडाला लावायचं डिजिटल बीपी मशीन कुणाकडून तरी मागून आणा. पहाटे, मामा अंथरुणातून उठायच्या आधी, पाच मिनिटं आडवे असताना बीपी आणि नाडी मोजा आणि कागदावर लिहा. मग त्यांना उभं करा. मागे खुर्ची ठेवा आणि घरातलं एक दणकट माणूस शेजारी उभं करा. उभं राहून १ मिनिट झालं की एकदा मोजा, ३ मिनिटं झाली की पुन्हा मोजा. मशीन लावलेला हात लोंबकळत ठेवू नका, छातीच्या उंचीवर आधार देऊन धरा. अंधारी आली तर आकड्याची वाट न बघता लगेच बसवा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० उतरला, तर उत्तर सापडलं. नाडीही बघा. दाब उतरला आणि नाडी चांगली वाढली, तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी आहे असा संशय घ्यायचा. दाब उतरूनही नाडी जागची हललीच नाही, तर नसांचा दोष असू शकतो. दोन-तीन दिवस मोजा, तो कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. गोळ्या मनानं बंद करू नका. कुठली कमी करायची, कुठली बदलायची, कुठली कोणत्या वेळी द्यायची, हे तो कागद बघून ते ठरवतील.

तोवर मामांनी पहाटे उठताना आधी काठावर बसायचं, पाय खाली सोडून घोटे वीस-पंचवीस वेळा वर-खाली करायचे. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. मग उभं राहायचं, उभं राहून थोडं थांबायचं आणि मग चालायचं. खरं तर रात्री न्हाणीत जायचंच नाही, खाटेजवळ भांडं ठेवा. या गोष्टीची लाज वाटते मला माहीत आहे, पण खुब्याचं हाड मोडलं तर शेत बघणारा माणूस खाटेला खिळतो. आंघोळीचं पाणी कढत नको, ऊन पाण्यानं रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. आंघोळीला स्टूल द्या. भरपेट जेवणानंतरच्या दोन तासांतही वयस्कर माणसाचं बीपी उतरतं, तेव्हा जेवून लगेच उन्हात शेताकडे निघणं बंद करा. आणि एकादशी! निर्जळी उपवास आणि लघवीची गोळी या दोन गोष्टी एका दिवसात बसत नाहीत. उपवास करायचाच असेल तर पाणी पिऊन करा आणि त्या दिवशीच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचारून ठेवा.

सलाइनबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण आमच्या भागात 'बीपी लो झालं' म्हटलं की बाटली लागतेच. साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. पिवळी दिसते ती 'पॉवरची' बाटली म्हणजे त्यात जीवनसत्त्वांचं इंजेक्शन टाकलेलं असतं, पिवळा रंग त्याचा. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या, तोंडानं काही न राहणाऱ्या माणसाला सलाइन जीव देते. पण तोंडानं खाता-पिता येणाऱ्या मामांना दोन दिवस बरं वाटतं ते टाकीत थोडं पाणी पडल्यामुळे. लघवीची गोळी ते पुन्हा काढून टाकते. हृदय कमजोर असेल तर हीच बाटली छातीत पाणी करू शकते. पाच बाटल्यांच्या पैशांत बीपीचं मशीन घरचं झालं असतं, ताई. हे रागानं म्हणत नाही, वाईट वाटतं म्हणून म्हणते.

काही वेळा मात्र कागद-पेन्सिल ठेवायची आणि १०८ ला फोन करायचा. उठता-बसता नव्हे, बसल्या जागी शुद्ध गेली. छातीत दुखतंय किंवा धाप लागलीय. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात उचलेना. नाडी मिनिटाला चाळिशीत आलीय. गुडघेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्याला डांबरासारखी काळी, चिकट शी झाली. शेवटचं खेड्यात फार वेळा राहून जातं. पोटातला व्रण आतल्या आत वाहतो आणि घरचे म्हणतात, बीपी लो झालं. आणि बाईची पाळी चुकलेली असेल, ओटीपोटात दुखत असेल आणि भोवळ आली, तर गर्भ नळीत राहिला असण्याची भीती असते. तिथे लिंबू-पाण्यात एक मिनिटही घालवू नका.

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका आहे. माझं बीपी नेहमी ९०/६० असतं. जिना चढला की डोकं हलकं होतं, छाती धडधडते, चौथ्या तासाला फळ्यासमोर उभं राहवत नाही. मीठ-लिंबाचं पाणी, कॉफी सगळं करून झालं. बीपी वाढवायची गोळी असते का? ता. क. : हसू नका, पण मला हल्ली कच्चे तांदूळ खावेसे वाटतात.
— लातूर

उत्तर : हसले नाही. तुमची ताजा कलमाची ओळ वाचून मी पत्र बाजूला काढलं. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं ही शरीरात लोह संपत आल्याची जुनी खूण आहे. पाळी किती दिवस जाते, किती जाते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सात-आठ दिवस जात असेल, गाठी पडत असतील, रात्री उठून पॅड बदलावं लागत असेल, तर रक्त जातंय कुठे ते कळलं.

९०/६० हा आकडा एकटा आजार नाही. सडपातळ बांध्याच्या कित्येक बायकांचं बीपी जन्मभर तेवढंच असतं आणि त्या ठणठणीत असतात. तुमचं 'नेहमी' तेवढंच होतं आणि त्रास मात्र अलीकडचा आहे, म्हणजे दोष आकड्याचा नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड या रक्ततपासण्या करा, पाळी जास्त जात असेल तर पोटाची सोनोग्राफीही. तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. शी काळपट होईल, ती गोळीमुळे, घाबरू नका. आणि बरं वाटलं म्हणून महिन्याभरात सोडू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने घ्याव्या लागतात, तेव्हा कुठे शरीरातला साठा भरतो.

'बीपी लो' हाच खरा आजार असतो, असंही कधीतरी होतं. ते मी स्वतः एकदा ओळखू शकले नव्हते, म्हणून सांगते. प्रॅक्टिसची पहिली वर्षं होती. पंचविशीतली सून, सासूबरोबर आली. वजन उतरलेलं, मळमळ, बीपी ८५/५५. मी मीठ-साखरेचं पाणी सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, मी सलाइन लावली. तिसऱ्यांदा सासू एकटीच आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, ही चोरून मीठ खाती. मुठीनं. आणि लग्नात गोरी होती हो, आता बघा." मी तिला आत बोलावलं आणि तळहात उघडायला सांगितले. तळहातावरच्या रेषा शाईनं काढल्यासारख्या काळ्या होत्या. हिरड्यांवर निळसर-काळे डाग. दोनदा मी तिची नाडी धरली होती आणि दोन्ही वेळा तळहात पाहिला नव्हता.

रक्तातलं सोडियम १३५ च्या वर हवं, तिचं ११८ होतं. पोटॅशियम वाढलेलं. सोलापूरला पाठवलं, सकाळी आठ वाजताचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात जवळपास नव्हतंच. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी क्षयानं निकामी केल्या होत्या. तिच्या वडिलांना क्षय होऊन गेला होता, तेही मी विचारलं नव्हतं. १८५५ साली लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसननं या रोगाचं वर्णन केलं, म्हणून तो अ‍ॅडिसनचा आजार. आपल्याकडे क्षय अजून गेलेला नाही, तेव्हा हाही गेलेला नाही. या ग्रंथी थांबल्या की शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही, म्हणून ती मीठ खात होती. तिचं शरीर तिला खरं सांगत होतं, ऐकत नव्हते ते आम्ही. क्षयाचे उपचार झाले, त्या ग्रंथींचं काम करणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या कायमच्या लागल्या. आज तिचा मुलगा नोकरीला आहे. ताप आला की गोळीचा डोस वाढवायचा, उलट्या झाल्या तर इंजेक्शन घ्यायला धावायचं, हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

याच ग्रंथी आणखी एका कारणानं झोपतात. सांधेदुखीवर अक्सीर म्हणून मिळणाऱ्या काही बिनालेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. वर्षभर पुडी खाल्ली की ग्रंथी स्वतःचं काम सोडून देतात. मग एक दिवस पुडी संपते आणि माणूस उलट्या, ताप आणि उतरलेलं बीपी घेऊन येतो. घरात अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि एकदम बंदही करू नका.

प्रश्न : आठवीतली मुलगी शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा भोवळ येऊन पडली. मिनिटभरात शुद्धीवर आली. फिट असेल का? कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल.
— धाराशिव

उत्तर : उपाशीपोटी, उन्हात, न हलता ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मग नाडी आणि दाब दोन्ही एकदम उतरतात आणि मूल पडतं. आधी घाम, मळमळ, अंधारी येऊन पडली आणि लगेच नीट बोलू लागली, तर बहुधा हेच. आडवं झोपवायचं, पाय उंच करायचे, गर्दी हटवायची. कांदा नको, चप्पल नको, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणीही नको. धरून उभं करू नका, पुन्हा पडेल. सकाळी खाऊन, पाणी पिऊन जाऊ द्या. अंधारी जाणवली की पायाची अढी घालून मांड्या घट्ट आवळायच्या किंवा सरळ खाली बसायचं, हे तिला शिकवा. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, नाहीतर बसली म्हणून ओरडा बसायचा. एक ईसीजी मात्र काढून घ्या. ती धावता-खेळताना पडली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर उद्याच काढा.

प्रश्न : वय ५४, शिवणकाम करतो. रात्री उजव्या कुशीवर वळलो की घर गरगर फिरतं, उलटी होते, अर्ध्या मिनिटात थांबतं. बीपी १०४/७० निघालं, लो सांगितलं. मानेच्या एक्स-रेत मणके झिजलेले दिसले, म्हणून गळपट्टा लावलाय. चक्करवरची सिनारिझिनची गोळी आठ महिने चालू आहे. हल्ली सुईत दोरा ओवताना हात थरथरतो.
— इचलकरंजी

उत्तर : दादा, तुमचं बीपी चांगलं आहे. आणि चोपन्नाव्या वर्षी शिंप्याच्या मानेचे मणके एक्स-रेत झिजलेले दिसणारच, गरगरण्याचं खापर त्यांच्यावर फोडायचं कारण नाही. ठरावीक कुशीवर वळलं की काही सेकंद घर फिरणं हा आतल्या कानाचा दोष आहे. तिथे कॅल्शियमचे बारीक खडे असतात. ते आपल्या जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच खोटा इशारा देतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते तुम्हाला झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतील आणि खडे कोणत्या नळीत आहेत ते ओळखतील. मग डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते खडे परत जागेवर सरकवतात. त्या पद्धतीला एप्ली म्हणतात, जॉन एप्ली या अमेरिकी डॉक्टरांच्या नावावरून. पाच-दहा मिनिटांचं काम, गोळी नाही, बहुतेकांना एक-दोन वेळांत गुण येतो.

तुमच्या हाताच्या थरथरीकडे मी जास्त गांभीर्यानं बघते. सिनारिझिन चार-आठ दिवसांसाठी ठीक. महिनोनमहिने घेतलं तर काही जणांच्या हाताला कंप येतो, हालचाल मंदावते, पार्किन्सनसारखं दिसू लागतं. वय वाढलेलं असेल तर धोका जास्त. गोळी थांबवली की बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, पण काही महिने लागतात. या आठवड्यातच ज्यांनी ती लिहून दिली त्यांना जाऊन भेटा, हात दाखवा आणि ती थांबवायची का, हे स्पष्ट विचारा. जाताना सुई-दोरा खिशात घेऊन जा आणि त्यांच्यासमोर ओवून दाखवा.